साडेसहाशे शब्द

माझ्या खोलीत पूर्वी भूगोलाचे नकाशे ठेवत.
एक खिळा अजून आहे भिंतीत, कशासाठीच नाही.
खिडकी नाही. दोन खुर्च्या, तिसरी ग्रंथालयातून उसनी,
कारण ऑक्टोबर लागला की आईबापही येतात.

नेब्रास्कातलं गाव हे. वारा दक्षिणेकडून सुटला
की कत्तलखान्याचा वास थेट वर्गात शिरतो.
नवे शिक्षक नाक दाबतात.
बारावीची एकशे ऐंशी मुलं, त्यांना वाट दाखवायला मी एकटी;
आणि मला स्वतःला पार्किंगमध्ये गाडी सापडत नाही.

मिसेस क्राटोचविल फाइल घेऊन येतात, रंगीत चिठ्ठ्या डकवलेली.
"आम्ही निबंध पाचव्यांदा लिहिला," म्हणतात.
आम्ही.
वेंडेल शेजारी बसून बुटाची नाडी सोडतो, बांधतो, सोडतो.
तुला काय शिकायचंय, मी त्याला विचारते.
उत्तर आईकडून येतं, इस्त्री करून ठेवलेलं.
निघताना तो दारातून एकटाच मागे येतो:
"डिझेल इंजिनं, मॅम. एवढ्यात सांगू नका."
मी सांगत नाही. माझ्या खणाला कुलूप नाही,
तरी अशी बरीच पडून आहेत त्यात.

काल मार्लेनी त्सोक आली, बापाला घेऊन.
आन्सेल्मो रात्रपाळी संपवून सरळ इथेच आलेला.
बूट दाराबाहेर काढायला लागला, मी नको नको म्हटलं,
तरी काढलेच.
उजव्या हाताला दोन बोटं कमी.
शिष्यवृत्तीच्या कागदावर सही हवी होती.
त्याने पेन घेतलं, खाली ठेवलं.
"आधी वाचा. पोरीनं काय लिहिलंय ते."

निबंध इंग्रजीत. वाचणारी मी,
आणि त्याला स्पॅनिशमध्ये सांगणारी तीच.
स्पॅनिश त्या दोघांचीही उसनी;
घरची बोली ग्वाटेमालाच्या डोंगरातली,
तिच्यात ती दोघं माझ्यासमोर एकदाही बोलली नाहीत.

मी वाचलं: ज्या दिवशी यंत्राने बाबांची बोटं नेली
त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची लाज वाटली.
ती म्हणाली: बाबा फार कष्ट करतात.

मी वाचलं: मग त्या लाजेचीच लाज वाटली,
आणि मी ठरवलं, या गावात राहायचं नाही.
ती म्हणाली: हे गाव चांगलं आहे.

माझं स्पॅनिश मोडकंतोडकं,
बावीस वर्षांच्या पालकसभांत वेचलेलं.
तेवढं पुरलं.
मी मान वर केली नाही. वाचत राहिले.

तो बराच वेळ कागदाकडे बघत होता, पानभर ओळींकडे.
"इंग्रजी एवढी लांब," शेवटी म्हणाला,
"आणि आपली एवढीशी?"
मार्लेनीचे कान लाल.
मग त्याने सही केली, डाव्या हाताने;
अक्षरं वाऱ्यात कललेल्या कुंपणासारखी, पण एकही सुटलं नाही.
"किती लांब आहे हे कॉलेज?"
मिनेसोटा. गाडीने नऊ तास.
त्याने मनात हिशेब केला.
"म्हणजे एक रात्रपाळी. जेवणाची सुट्टी धरून."

तो बूट घालत असताना ती पुटपुटली,
"मिस, ते वाक्य काढू?"

त्या वाक्यानेच दार उघडेल, मला ठाऊक होतं.
इतकी वर्षं मीच तर सांगत आले पोरांना,
दुखऱ्या नसेवर बोट ठेवा, तिथूनच लिहा.
कुणाचं बोट, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.
म्हटलं, मुदत मध्यरात्रीपर्यंत आहे.
दुसरं काही सुचलंच नाही.

अकरा बावन्नला तिने अर्ज पाठवल्याचा निरोप आला.
प्रत माझ्याकडे आहे.
अजून उघडलेली नाही.
तिसरी खुर्ची आज ग्रंथालयात परत नेली,
आणि दुपारी पुन्हा आणली.